‘पण ते असो’

वाचकाचे पत्र

मी ४६ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. काही महिन्यांनी नवे काम मिळाले, पण बरेच कमी पगाराचे. त्यात जेमतेम स्थिरावत होतो तोच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे अडखळू लागले. ते माझ्याकडे असतात. बहीण दूर असते आणि औषधपाण्याच्या खर्चातला निम्मा वाटा नियमित पाठवते. संकट माणसाला घडवते असे लहानपणापासून ऐकत आलो, पण माझ्या बाबतीत उलटेच झाले आहे. पूर्वी मी शांत माणूस म्हणून ओळखला जायचो. आता वडिलांनी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की माझा आवाज चढतो. मागच्या महिन्यात मी त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडलो की ते रडले, आणि तेव्हापासून ते फारसे बोलत नाहीत. एका जुन्या सहकाऱ्याची बढती हुकल्याचे कळले तेव्हा मला आतून बरे वाटले. मित्रांचे फोन घेणे मी बंद केले आहे. ओढाताणीत वडिलांच्या खात्यातले पैसे तीन-चार वेळा माझ्या कर्जाच्या हप्त्याला वापरले आणि बहिणीला औषधांचा खर्च म्हणून सांगितले, पण ते असो. माझा मुख्य प्रश्न असा आहे की, संकटात माणसाचे खरे रूप दिसते म्हणतात, तर माझे खरे रूप हेच आहे का? आणि या वयात स्वभाव बदलता येतो का?

उत्तर

तुमच्या मनात बसलेल्या समजुतीपासून सुरुवात करतो, कारण बराचसा त्रास तिच्यातूनच निघाला आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो की तिच्यात दगडाखेरीज आणखी एक जण हजर असतो हे विसरून जातो. घाव घालणारा पाथरवट तिथे असतो. कोणता कपचा उडवायचा आणि कोणता राखायचा हे त्याला ठाऊक असते, आणि दगडातली शीर कुठून जाते ते पाहून तो हात आवरता घेतो. तो नसेल तर दगडावर कितीही घाव पडले तरी मूर्ती होत नाही, खडी होते. तुमची नोकरी जाण्यामागे किंवा वडिलांच्या आजारामागे असा कोणी कसबी हात नव्हता. ते घाव कसेही, कुठेही पडले. तेव्हा तीन वर्षे ते सोसूनही आपल्यात काही थोरपण आले नाही, याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मी तर म्हणेन की ज्याच्यावर घाव पडत आहेत त्याला ही म्हण ऐकवणे हा सभ्य वेषातला क्रूरपणा आहे. घाव सोसून झालेल्या माणसाने मागे वळून पाहताना ती फार तर स्वतःशी म्हणावी.

दुसरी समजूत याहून घातक आहे. संकटात माणसाचे खरे रूप दिसते असे म्हणताना आपण गृहीत धरतो की माणसाच्या आत एक पक्के रूप झाकून ठेवलेले असते आणि परिस्थिती बिघडली की झाकण उडते. मग त्याआधीची ४३ वर्षे तुम्ही शांतपणे वागलात, ती काय बतावणी होती? सर्वांत वाईट दिवसाची साक्ष खरी आणि बाकी सगळ्या दिवसांची खोटी, हा न्याय कोणत्याही न्यायाधीशाला शोभणार नाही. अर्थात उलट बाजूही मान्य करायला हवी. सुखाच्या काळातला शांतपणा हाही पुरता तुमचा नव्हता. त्यात पुरेशी झोप, वेळेवर येणारा पगार आणि धडधाकट वडील यांचा वाटा होता.

याबाबत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर तो केला आणि १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करायचे होते. काहींचा विषय होता वाटेत जखमी होऊन पडलेल्या प्रवाशाला मदत करणाऱ्या परक्या माणसाची ख्रिस्ती बोधकथा, तर काहींना नोकरीच्या संधींवर बोलायचे होते. वाटेतल्या गल्लीत एक माणूस दाराशी कोसळल्यासारखा बसून खोकत आणि कण्हत होता; अर्थात तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांच्या हाताशी भरपूर वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यांपैकी ४५ टक्के थांबले, आणि तुम्हाला उशीर झाला आहे असे सांगून ज्यांना पिटाळले होते त्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेल्यांपैकी काही जण तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले. ४० ही संख्या लहान आहे आणि एका प्रयोगावर सगळा भरवसा टाकू नये, हे खरे. पण घाईत आपण कसे होतो हे ज्याने स्वतःकडे पाहिले आहे त्याला त्यातली गोष्ट ओळखीची वाटेल.

ही गोष्ट तुम्हाला सूट मिळावी म्हणून मी सांगितलेली नाही. ती सांगितली, कारण तुमच्या चुका एकाच पारड्यात टाकता येत नाहीत हे तिच्यावरून दिसते. त्यांतल्या काही घाईने आणि थकव्याने घडवल्या आहेत, आणि एक मात्र तशी नाही.

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. वडिलांवर ओरडल्याचे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. सहकाऱ्याविषयीचा हेवा प्रामाणिकपणे कबूल केला आहे. पैशांची गोष्ट मात्र एका वाक्यात उरकली आहे आणि त्या वाक्याला शेवटी ‘पण ते असो’ अशी कडी लावली आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या कडीमागे आहे.

ओरडणे एका क्षणात घडते. हेवा मनात उगवतो आणि कोणाचे काही न बिघडवता विरतो. पैसे मात्र तुम्ही तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी, शांत डोक्याने काढलेत. रक्कम ठरवलीत, ती वळती केलीत आणि मग बहिणीला सांगायचे वाक्य जुळवलेत. तिथे कोणी तुम्हाला पिटाळत नव्हते, म्हणून प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सबब इथवर पोहोचत नाही. शिवाय त्या वाक्यासाठी तुम्ही वडिलांच्या आजाराचा आडोसा घेतलात, आणि ज्यांच्या खात्यातून पैसे गेले ते माणूस विचारणा करण्याच्या अवस्थेत नव्हते. बहीण औषधांचा निम्मा वाटा उचलते असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ज्या खर्चाचे औषध कधी आलेच नाही त्याचाही निम्मा भार तिने उचलला असणार.

हे कठोर वाटले तर वाटू द्या. पण त्याबरोबर मला हेही दिसते की गरज खरी होती, आणि बहिणीला सरळ विचारले असते तर बहुधा ती नाही म्हणाली नसती. मागताना मान खाली घालावी लागते, गुपचूप घेताना लागत नाही. नोकरी गेल्यावर ज्याची मान आधीच झुकली आहे त्याला मागणे किती जड जाते, हे मी समजू शकतो. म्हणूनच तुमचे मन ओरडण्याबद्दल मोठ्याने टाहो फोडते आणि या गोष्टीबद्दल पुटपुटते. दमलेल्या, आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाच्या रागाला लोक समजून घेतात. खोट्या हिशोबाला तशी सहानुभूती मिळत नाही, आणि ते तुमच्या मनाला पक्के ठाऊक आहे.

तेव्हा पहिले काम हे की येत्या आठवड्यात बहिणीला सांगा. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर फोनवर सांगा. लिहून कळवून मोकळे होऊ नका, कारण समोरच्याचा आवाज ऐकण्याचे टाळणे हाच लिहिण्यामागचा हेतू असेल. बोलण्याची सुरुवात स्वतःच्या हालअपेष्टांनी करू नका. पहिले वाक्य असे काहीसे असावे: “मी बाबांच्या खात्यातून माझ्या हप्त्यासाठी पैसे घेतले आणि तुला ते औषधांचे म्हणून सांगितले, ते खोटे होते.” त्यानंतर रकमा, तारखा आणि दरमहा किती परत करू शकाल तो आकडा सांगा. तो आकडा लहान असला तरी चालेल, पण पाळता येईल असाच असावा. मोठ्या मनाने कबूल केलेला आणि दुसऱ्याच महिन्यात चुकलेला हप्ता तुम्हाला पुन्हा त्याच कडीपाशी आणून सोडेल. अडचण कशी होती ते तिने विचारल्यावर सांगा. ती चिडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही, वडिलांचा खर्च यापुढे स्वतः पाहीन असेही म्हणेल. तसे म्हणाली तर आनंदाने पाहू द्या. तिने क्षमा करावी अशी अट या कबुलीला घालता येत नाही.

वडिलांनाही सांगायला हवे. पैसे त्यांचे आहेत. पक्षाघातानंतर बोलणे अडखळले म्हणजे समज गेली असे नसते. पुष्कळदा माणसाला सगळे कळत असते आणि फक्त शब्द सापडत नाहीत. त्यांच्या आजारपणात त्यांना आणखी त्रास कशाला, असा विचार तुमच्या मनात येईल, पण त्या विचाराकडे जरा संशयाने पाहा, कारण तो फार सोयीचा आहे.

आता ओरडण्याविषयी. यात तुमचा दोष नाही असे मी म्हणणार नाही, पण यावरचा उपाय पश्चात्तापात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. रात्री सलग किती तास झोप मिळते, आठवड्यात असा एखादा अर्धा दिवस असतो का जेव्हा वडिलांची जबाबदारी दुसऱ्या कोणावर असते, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही, आणि न लिहिण्यावरूनच उत्तर काय असेल ते कळते. कमी पगाराचे काम आणि एकहाती शुश्रूषा अशा दोन्ही टोकांनी पेटलेल्या माणसाने रोज सकाळी ‘आज चिडायचे नाही’ असा निश्चय करणे म्हणजे रिकाम्या हंडीकडून दुधाची अपेक्षा करणे. बहिणीशी बोलताना केवळ पैशांचा नव्हे तर वेळाचाही हिशोब मांडा. वर्षातले काही आठवडे तिने इथे येऊन राहावे, किंवा तिच्या वाट्यातून काही तासांसाठी मदतनीस ठेवावा, हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गंमत अशी की पैशांचे खरे सांगितल्याशिवाय हा हक्क तुम्हाला ताठ मानेने बजावता येणार नाही. आजवर मदत मागितली नाही त्यामागे हेही एक कारण असावे, असा माझा तर्क आहे.

वडिलांबाबत एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा. एकच प्रश्न पुन्हा विचारणे, अचानक रडू येणे, हे मेंदूला झालेल्या इजेमुळेही होते. त्यात हट्ट किंवा तुम्हाला छळण्याचा हेतू शोधू नका. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येते, आणि त्यावर उपचार आहेत. त्यांच्या अबोल्याला तुम्ही स्वतःवरचा ठपका समजत आहात. तो तसा असेलही, पण ते आजाराचे लक्षण असेल तर तुमच्या अपराधीपणाच्या भरात त्यांचा उपचार राहून जाईल. आणि कधी तुमचा हात उचलला जाईल असे वाटले, किंवा स्वतःचे जगणेच नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी तुम्हीही डॉक्टरांकडे जा. तो प्रश्न मग सल्ल्याच्या सदराचा राहत नाही.

माफी मात्र आजच मागा आणि तिच्यात ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका. माझ्या आईच्या दीर्घ आजारात मीही चिडत असे आणि दर वेळी माफी मागताना म्हणत असे, “चुकलो गं, पण तूही ऐकत नाहीस.” ती हसून सोडून देई. तिच्या पश्चात लक्षात आले की त्या संपूर्ण काळात मी एकदाही माफी मागितली नव्हती; मागितली होती ती सगळी तिच्याविषयीची तक्रार होती. “परवा मी ओरडलो, ते चुकले” एवढे पुरे. त्यांनी उत्तर दिले नाही तरी तिथे थोडा वेळ बसा.

सहकाऱ्याच्या अपयशाने बरे वाटले त्याबद्दल मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. मनात काय उगवते यावर कोणाचा ताबा नसतो. त्या भावनेपायी तुम्ही त्याच्याविषयी कुजकट बोलला नसाल किंवा त्याचे काही बिघडवले नसेल, तर ती तिथेच संपली. मित्रांचे फोन घेणे सुरू करा. सगळ्यांचे नको, एकाचे पुरे.

राहता राहिला स्वभाव. स्वभावाला औषध नाही, असे आपल्याकडे म्हणतात, आणि ‘स्वभाव’ याच शब्दावर अडून बसले तर ते बरेचसे खरेही आहे. लवकर तापणारा माणूस वयाच्या ४६ व्या वर्षी थंड डोक्याचा होत नाही. पण मराठीत ‘शील’ असा दुसरा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. बौद्ध परंपरेतील पंचशील पाली भाषेत म्हणताना प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘सिक्खापदं समादियामि’ असे शब्द येतात. यापासून दूर राहण्याचे शिक्षापद मी स्वीकारतो, असा त्यांचा अर्थ. त्यात ‘मी असा आहे’ असा दावा नाही, की कोणाची आज्ञाही नाही. शिकणाऱ्याने घेतलेला तो धडा आहे, आणि धडा म्हटले की चुकणे, पुन्हा म्हणणे आणि पुन्हा घेणे हे आलेच. ही शीले एकदा घेऊन संपत नाहीत. माणसे ती आयुष्यभर पुन्हा पुन्हा म्हणतात.

दुसऱ्या शतकातल्या रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची टिपणे मला याच कारणासाठी आवडतात. त्याच्या राज्यात साथीचा भयंकर रोग पसरला होता, सरहद्दीवर वर्षानुवर्षे युद्ध चालू होते आणि त्याची निम्म्याहून अधिक मुले लहान वयातच गेली. अशा माणसाने स्वतःपुरते जे लिहून ठेवले त्यात रागावू नकोस, लोक असेच असणार, आपले काम कर, याच गोष्टी तो वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा स्वतःला बजावतो. ज्याने राग जिंकला आहे त्याला हे इतक्यांदा लिहावे लागले नसते. आपल्या एका गुरूवर आपण अनेकदा चिडलो, तरी ज्याचा पुढे पश्चात्ताप व्हावा असे काही आपल्या हातून घडले नाही, याबद्दल तो देवांचे आभार मानतो. चिडलोच नाही, असे तो म्हणत नाही. तुमच्यासाठी एवढीच मर्यादा पुरेशी आहे: राग येणार, पण आवाज एका पट्टीच्या वर जाऊ लागला की खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परतायचे.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साधी सवय आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ दिवस पुरतील तर कोणाला २५४ लागतील, इतकी तफावत दिसली. त्यातल्या सवयी पाणी पिणे, थोडे चालणे अशा होत्या. राग आवरणे त्यांहून कितीतरी अवघड आहे. मला त्यातली एक बाब उपयोगाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही. तुम्ही पुन्हा ओरडाल. त्या दिवशी ‘बघा, माझे खरे रूप हेच’ असा निकाल देऊन धडा सोडून द्याल, तर नुकसान ओरडण्यापेक्षा त्या निकालाने अधिक होईल.

बहिणीला फोन करण्यापूर्वी बँकेचे पासबुक भरून आणा आणि ते समोर उघडे ठेवूनच बोला. रकमा आठवणीतून सांगू नका, कारण अशा बाबतीत आठवण नेहमी थोडी कमी रक्कम सांगते. तुम्ही ‘तीन-चार वेळा’ असे लिहिले आहे. नोंदी मोजा. पाचवी निघाली तर तीही सांगा.